खांबासारखा निवडुंग व त्याचे गोड फळ

पांढुर्णा व सौंसर हे तालुके संत्र्याच्या बागांसाठी प्रसिद्ध आहेत. २०२३ साली या दोन्ही तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. संत्र्याला नियमित पाणी लागते. परंतु प्रत्येक शेतकऱ्याच्या वाट्याला ओलिताची जमीन येत नाही. मुरमाड, बरड जमिनीवर काय लावावे, असा विचार करणाऱ्यांना एका उंच निवडुंगाची माहिती उपयुक्त ठरेल.

वनस्पतिशास्त्रात ‘सीरियस रेपांडस’ या नावाने ओळखला जाणारा हा निवडुंग मूळचा दक्षिण अमेरिकेतील असून तो खांबासारखा सरळ वाढतो. ड्रॅगन फ्रूटच्या वेलीप्रमाणे त्यास आधार द्यावा लागत नाही. त्याच्या फळावर काटे नसतात. साल लालसर किंवा पिवळी, गर पांढरा व त्यात बारीक काळ्या बिया असतात. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात १९८० च्या दशकापासून शास्त्रज्ञांनी त्याच्या लागवडीचा अभ्यास केला. तेथे हे फळ ‘कूबो’ नावाने विकले जाते.

पाण्याची बचत

इतर झाडे आपली रंध्रे दिवसा उघडतात व त्यांवाटे पाणी वाफ होऊन जाते. निवडुंग ती रात्रीच्या गारव्यात उघडतो व खोडात पाणी साठवितो. मात्र पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीत त्याची मुळे कुजतात आणि कडाक्याच्या थंडीने कोवळी झाडे दगावतात.

फुलते, पण फळत नाही

हे झाड फांदीच्या तुकड्यापासून सहज लागते. काप काही दिवस सावलीत सुकवून मग तुकडा लावावा. परंतु एकाच झाडाचे तुकडे लावल्यास फुले येऊनही फळे धरत नाहीत. कारण ते सारे मुळात एकच झाड असते व त्यास स्वतःचा पराग चालत नाही. म्हणून भिन्न झाडांपासून घेतलेली रोपे जवळजवळ लावावीत. फूल एकच रात्र उमलते; त्या वेळी मऊ कुंचल्याने एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडाच्या फुलास लावता येतो. फळ झाडावरच पिकू द्यावे, कारण तोडल्यानंतर त्याची गोडी वाढत नाही.

थोर ओळखा

कुंपणाचा थोर दिसण्यात असाच असला, तरी तो निवडुंगाच्या कुळातील नव्हे. त्यास कापताच पांढरा चीक येतो. तो विषारी असून डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा करतो. तसे झाल्यास डोळे भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन तत्काळ दवाखान्यात जावे. फळ देणाऱ्या या निवडुंगास असा चीक नसतो. शिक्षकांनी हा फरक विद्यार्थ्यांना अवश्य समजावून सांगावा.

या फळास आपल्या बाजारात अद्याप ओळख नाही. तेव्हा संत्र्याची बाग मोडून त्याची लागवड करणे शहाणपणाचे नव्हे. बांधावर चार-सहा झाडे लावून, त्यांना येणारी फळे पाहून आणि उद्यानिकी अधिकाऱ्यांचा सल्ला घेऊनच पुढचे पाऊल टाकावे.