मान उचलून दाखवा!



यंदाच्या कार्यक्रमाचा निधी विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयाला जाणार आहे. तिथे मेडिकल, नर्सिंग आणि फार्मसीच्या विद्यार्थ्यांना विषबाधेवरचे उपचार शिकवले जातील. "ह्यात शिकवायचं काय? विष ओळखायचं आणि उतारा द्यायचा!" असं मंडळातल्या काही जणांनी विचारलं. आम्ही दोघं नवरा-बायको सॉफ्टवेअरवाले, डॉक्टर नाही. एकेकाळी आम्हालाही असंच वाटायचं.

काही वर्षांपूर्वी आमच्या मामांच्या शेतावरचे बापू कपाशीवर फवारणी करून आले आणि संध्याकाळी घामाघूम झाले. तोंडातून लाळ, उलट्या, छातीत घरघर. दवाखान्यात नेलं, इंजेक्शनं सुरू झाली, दुसऱ्या दिवशी चहा पिऊन गप्पाही मारल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मान धरवत नाही." सगळे म्हणाले, अशक्तपणा असेल. आम्हीही इथून फोनवर तेच म्हणालो. त्या रात्री बापूंचा श्वास थांबला.

नंतर आम्ही ह्या विषयावर बरंच वाचलं, डॉक्टर मित्रांना छळलं. समजलं ते असं. मज्जातंतूकडून निघालेला निरोप पोचवायला शरीरात ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन असतं. काम झालं की एक एन्झाइम ते साफ करतं. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं ह्या एन्झाइमलाच बंद पाडतात. मग निरोप थांबतच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर लूप संपतच नाही! लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या, आणि पाण्याने भरत जाणारी छाती. कोरड्या जमिनीवर माणूस बुडतो.

प्रयोगशाळेच्या रिपोर्टची वाट बघायला इथे वेळ नसतो. म्हणून विद्यार्थ्यांचा पहिला धडा असतो लक्षणांचा हा संच एकत्र ओळखण्याचा. दुसरा धडा ॲट्रोपिनचा. मोठ्या माणसाला साधारण १.८ ते ३ मिलिग्रॅमने सुरुवात, पाच मिनिटांनी तपासणी, फरक नसेल तर डोस दुप्पट. छाती कोरडी होईपर्यंत आणि नाडी व रक्तदाब सुधारेपर्यंत हे चालतं. जास्त झालं तर रुग्ण बडबडू लागतो, ताप चढतो. म्हणजे दर पाच मिनिटांनी कोणीतरी छाती ऐकायला हवी आणि तक्त्यात लिहायला हवं. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट तिघांनी एकत्र शिकायचं ते ह्यासाठी.

तिसरा धडा बापूंचा. ॲट्रोपिनने छाती कोरडी होते, पण स्नायूंचा दुबळेपणा त्याने जात नाही. सुरुवातीचा धोका टळल्यावर, साधारण एक ते चार दिवसांत, मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ साली ह्याचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. ओळखायची युक्ती अगदी साधी आहे. रुग्णाला सांगायचं, "उशीवरून मान उचलून दाखवा." उचलता येत नसेल तर व्हेंटिलेटर तयार ठेवायचा. ह्या तपासणीला एक पैसा लागत नाही. ती करायची हे माहीत असलेला माणूस मात्र रात्रपाळीला हजर लागतो.

प्रशिक्षणात हे सगळं करून बघायचं असतं. पुतळ्यावर श्वासनळीत नळी घालायचा सराव होतो. एखादी विद्यार्थिनी घाबरलेली नातेवाईक बनते, तिला "बाटली आणली का?" हे विचारायला दुसरी शिकते. हातमोजे घालून रुग्णाचे कपडे उतरवायचे, अंग साबणाने धुवायचं, मीठपाणी पाजून उलटी काढायची नाही. सर्पदंशासाठी वीस मिनिटांची रक्ताची चाचणी असते: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं ताजं रक्त वीस मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाच्या विषाचा संशय. नळी प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली असली तर चाचणी फसवते.

इथे अमेरिकेत मुलाने काही गिळलं की आपण १-८००-२२२-१२२२ फिरवतो. विषबाधा माहितीचं पहिलं केंद्र शिकागोत १९५३ साली निघालं. आज अशा केंद्रांत विद्यार्थीही शिकायला येतात. दिल्लीच्या एम्समध्येही १९९५ पासून राष्ट्रीय केंद्र आहे. हा सल्ला मोलाचा आहेच. पण फोनवरून मान दिसत नाही, हे आमच्याइतकं कोणाला कळणार!

२०१७ साली एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि अनेक जण दगावले. तेव्हा आपण सगळेच हळहळलो. हळहळ आपल्याला चांगली जमते, मंडळी! ह्या वेळी त्यापुढे एक पाऊल टाकू या. यंत्रं जुनी होतात, पण शिकलेली नर्स पुढच्या बॅचला शिकवते.

तेव्हा फूल ना फुलाची पाकळी, जे जमेल ते द्या. आणि गावी फोन कराल तेव्हा एवढं जरूर सांगा: फवारणीनंतर कोणी बरं होऊन "मान धरवत नाही" म्हणालं, तर त्याला अशक्तपणा म्हणू नका. ताबडतोब डॉक्टरांना सांगा.