एकटीचा सराव, सगळ्यांची सोबत



आज जरा वेगळ्या विषयावर बोलू या. तो आहे गिटारचा. सिनेमात नायकाच्या गळ्यात अडकवलेली असते ती नव्हे. युरोपात गिटारची एक शास्त्रीय पद्धत आहे. ती शिकणारी माणसं एकमेकांपासून शेकडो कोस लांब राहूनही मोबाइलवरून एकत्र सराव करतात. त्यांची रीत आपल्या गटांनाही उपयोगी पडेल, म्हणून ती समजून घेऊ.

ही गिटार बसून वाजवतात. डावा पाय एका छोट्या स्टुलावर उंच ठेवायचा आणि त्या मांडीवर गिटार घ्यायची. तारा सहा. उजव्या हाताचा अंगठा बहुतेक वेळा जाड तारा सांभाळतो, बाकी तीन बोटं बारीक तारा. आपल्या भजनात एकीकडे चाल, दुसरीकडे टाळ आणि तिसरीकडे पखवाज असतो. इथे या तिन्ही गोष्टी एकाच हाताच्या बोटांनी करायच्या. म्हणून प्रत्येक बोटाला वेगळं वळण लावावं लागतं.

आपल्याकडे पेटी शिकताना अलंकार आणि पलटे घोटून घेतात. गिटार शिकणाऱ्यांसाठी त्याच कामाच्या छोट्या छोट्या रचना आहेत. फ्रेंच भाषेत त्यांना ‘एत्यूद’ म्हणतात, म्हणजे अभ्यास. फर्नांडो सोर हे १७७८ साली स्पेनमधल्या बार्सिलोनात जन्मले. मात्तेओ कारकासी हे इटलीतल्या फ्लॉरेन्सचे. दोघांनीही पॅरिसमध्ये राहून गिटार शिकवली. दोघांचेही २५-२५ अभ्यासांचे संग्रह आहेत आणि योगायोग असा, की दोन्हींचा रचना-क्रमांक ६० आहे. सोरचा संग्रह अगदी नव्या शिकाऊंपासून सुरू होतो. कारकासींचा त्याहून थोडा अवघड आहे. त्यातला पहिला अभ्यास सुरांच्या सरळ चढ-उतारांचा आहे, तर सातव्यात तीच तार भराभर छेडत राहायचं असतं. प्रत्येक अभ्यास एकेक अडचण सोडवतो आणि तरीही ऐकायला गोड लागतो.

आता एकत्र सराव कसा चालतो ते पाहू. इंटरनेटवरून आवाज पोचायला किंचित उशीर लागतो, त्यामुळे दहा जणी एकाच वेळी एका तालात वाजवू शकत नाहीत. म्हणून प्रत्येकजण आपापल्या घरी वाजवतो, मोबाइलवर रेकॉर्ड करतो आणि ठरलेल्या दिवशी गटात पाठवतो. दर पंधरा दिवसांनी एक अभ्यास धरला, तर २५ अभ्यासांना ५० आठवडे लागतात. म्हणजे जवळजवळ एक वर्ष. याला ‘चॅलेंज’ म्हणतात, पण पैज असते ती स्वतःशीच.

यात तीन फायदे आहेत. पहिला म्हणजे रेकॉर्डिंग खोटं बोलत नाही. वाजवताना सगळं ध्यान बोटांत असतं, ताल कुठे सुटला ते कळत नाही. नंतर ऐकलं की लगेच कळतं. दुसरा, दुसरीचं अडखळणं ऐकलं की ‘मलाच जमत नाही’ ही भीती जाते. अमेरिकेच्या प्रख्यात व्हायोलिनवादक हिलरी हान यांनी २०१७ साली शंभर दिवस आपला रोजचा रियाज इंटरनेटवर लोकांना दाखवला. मैफल नाही, रियाज. एवढ्या मोठ्या कलाकारालाही तीच ओळ पुन्हा पुन्हा घोटावी लागते, हे लोकांनी पाहिलं.

तिसरा फायदा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. घरात पाहुणे आले, सुगी आली, कुणी आजारी पडलं, की बाईची सगळ्यात आधी कोणती गोष्ट सुटते? जी फक्त तिच्या स्वतःसाठी असते ती. शिवणक्लास सुटतो, पेटी बंद होते, वाचन राहतं. पण ‘आज माझा पाठवायचा वार आहे, बाकीच्या वाट बघतायत’ असं म्हणता आलं, की त्या अर्ध्या तासाला घरात मान मिळतो.

आपल्या भजनी मंडळाला किंवा पेटी शिकणाऱ्या मैत्रिणींना हे करून पाहता येईल. पाच-सहा जणी जमा. सहा आठवड्यांचीच मुदत ठेवा. दर आठवड्याला चालीचा एक छोटा तुकडा ठरवा. तो आधी अगदी सावकाश बसवा, घाईत घटलेली चूक मोडायला दुप्पट वेळ लागतो. शनिवारी प्रत्येकीने एक मिनिटाचा आवाज पाठवायचा. व्हिडिओ नको, नेट कमी खर्च होईल. मग प्रत्येकीबद्दल एक चांगली गोष्ट आणि एक सुधारणा सांगायची, त्याहून जास्त नाही.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. बचतीचा हप्ता चुकला की तो भरावा लागतो, दंडही बसतो. इथे एखादा आठवडा चुकला तर मागची थकबाकी काढू नका. चालू आठवड्याच्या तुकड्यापासून सामील व्हा. मागचं सगळं भरून काढायच्या ओझ्यानेच बायका गट सोडतात.

आणि नंबर लावू नका. पहिली कोण, दुसरी कोण, हे सुरू झालं की कच्ची शिकाऊ गप्प होते, आणि हा सगळा खटाटोप तर तिच्यासाठीच आहे. बसण्याची आणि हाताची ठेवण मात्र जाणकाराला समोर बसून दाखवा. मनगट दुखलं तर थांबा, मोबाइलवर ते कुणाला दिसत नाही.

तुमच्यापैकी कुणाचं काही शिकायचं अर्धवट राहिलं असेल, तर येत्या बैठकीत ते बोलून दाखवा. सोबतीला एकजण तरी निघेल. तेवढ्यावर सुरुवात होते.