कापडामागून ऐकू आलेलं कच्छ

मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघालेला प्रवासी भूजला उतरतो तो बहुतेकदा कापडासाठी. अजरखची ओढणी, भुजोडीची शाल, आरशांचं भरतकाम अशी यादी घरूनच तयार असते. गाणं त्या यादीत नसतं. गेल्या पन्नासेक वर्षांत बाहेरच्यांनी कच्छ कसं पाहिलं याचा मागोवा घेतला, तर हाच क्रम दिसतो: कापड आधी सापडलं, गाणं फार उशिरा. खरं तर दोघांचा पोशिंदा एकच होता, बन्नीच्या गवताळ रानात गुरं राखणारा मालधारी. खांद्यावर खत्री रंगाऱ्यांनी ठशांनी छापलेलं अजरख, थंडीला वणकराने विणलेली धाबळी आणि मुक्कामाला जोडिया पावा ही जोडबासरी, असा त्याचा संसार.

बाहेरची नजर इथे वळली ती दुष्काळामुळे. 1969 साली मुंबईच्या चंदाबेन श्रॉफ धानेटी गावात मदतकार्याच्या निमित्ताने गेल्या. फुकटचं घ्यायला संकोचणाऱ्या तिथल्या बायकांच्या अंगावरचं भरतकाम त्यांनी पाहिलं, आणि मदतीऐवजी काम द्यायचं ठरवलं. साड्या भरून घेतल्या, मुंबईत विकल्या. त्यातून ‘सृजन’ संस्था उभी राहिली. पुढे 1971च्या युद्धानंतर सिंधमधल्या थरपारकरातून सोढा आणि मेघवाळ कुटुंबं इकडे आली आणि येताना सूफ भरतकाम घेऊन आली. या कामात आधी कापडावर काहीच आखत नाहीत. बाई कापडाची उलटी बाजू समोर धरते, ताणेबाणे मोजत टाके घालते, आणि सुलट बाजूला त्रिकोणांची नक्षी उमटत जाते. सुमरासर गावच्या अंगणात हे पाहताना शहरी माणूस गप्पच होतो.

अजरखची गोष्ट पाण्याची आहे. सिंधमधून आलेले खत्री सुमारे चारशे वर्षांपूर्वी धमडका गावी वसले, ते तिथे वाहती नदी होती म्हणून. विसाव्या शतकात रासायनिक रंग आले, मालधाऱ्याला गिरणीचं स्वस्त कापड परवडू लागलं आणि जुनी रीत मागे पडली. 1970च्या दशकात मोहम्मद सिद्दिक खत्री यांनी वनस्पतींचे रंग पुन्हा वापरात आणले आणि मुलांना शिकवले. काळा रंग करायचा तर गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस आंबत ठेवायचं, मग चिंचोक्याच्या पिठाने ते दाट करायचं. त्याआधी कापडाला हिरड्याचं पाणी दिलेलं असतं. हिरड्यातला तुरट अंश आणि लोखंड एकत्र आले की ठशाखाली काळी रेघ उमटते. चुना आणि डिंकाने झाकलेली जागा पांढरी राहते. मग निळीचं पिंप, मग तुरटी छापलेल्या जागी लाल चढवणारी मंजिष्ठ. दर टप्प्याला धुणं, वाळवणं आणि पुन्हा धुणं.

26 जानेवारी 2001च्या भूकंपाने धमडका कोसळलं. घरं पुन्हा बांधता आली असती, पण पाणी बदललं. ते खाली गेलंच, शिवाय त्यातलं लोखंड वाढलं. ज्या लोखंडाने काळी रेघ उमटायची, तेच आता धुण्याच्या पाण्यातून सगळ्या रंगांवर मळकट छाया धरू लागलं. तेव्हा बऱ्याच खत्र्यांनी भूजजवळ जमीन घेऊन नवं गाव वसवलं आणि त्याला आपल्या कापडाचंच नाव दिलं: अजरखपूर. सिद्दिकभाईंचे चिरंजीव इस्माईल खत्री यांना इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. 2016 मध्ये ‘सृजन’नेही अजरखपूरमध्येच संग्रहालय उघडलं. दरम्यान कारागिरांना रचनाशास्त्र शिकवणारी कलारक्षा विद्यालय ही शाळा 2005 साली सुरू झाली, आणि निरोणा गावच्या रोगण या कापडावरच्या रंगकामासाठी अब्दुल गफूर खत्री यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. कापडाला मालधाऱ्याऐवजी शहरातलं गिऱ्हाईक मिळालं आणि ते जगलं.

गाण्याचं तसं होईना. शाल पिशवीत घालून नेता येते. वाई ऐकायला मात्र रात्र जागावी लागते, आणि प्रवाशाची गाडी सकाळची असते. बन्नीतले पुरुष एकत्र बसून पाच तारांच्या दंबुऱ्यावर सिंधी सूफी कवी शाह अब्दुल लतीफ भिटाई (1689–1752) यांचं काव्य गातात, त्याला वाई म्हणतात. भिटाईंच्या काव्यात मारुई, ससुई अशा लोककथांतल्या स्त्रियांची व्यथा आहे. ती गाताना हे राकट गुराखी आवाज असा काही उंच, कोवळ्या पट्टीत चढवतात की प्रथम ऐकणारा दचकतो. भिटाईंचा दर्गा सिंधमध्ये आहे, मधे सरहद्द आहे, तरीही गाणं इथे टिकलं. कच्छच्या साऱ्या कारागिरीत याहून मोलाचं काही असेल असं वाटत नाही.

या आवाजांकडे नीट पाहिलं गेलं त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. तेव्हा टाटा समाजविज्ञान संस्थेत असलेले अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी ‘दो दिन का मेला’ (2009), ‘सो हेड्डां सो होड्डां’ (2011) आणि ‘अ डेलिकेट वीव्ह’ (2017) हे तीन माहितीपट कच्छच्या गायक-वादकांवर केले. तिसऱ्यात तर कापड आणि गाणं एकाच घरात भेटतात. भुजोडीचे तरुण रात्री जमून कबीर गातात, आणि त्यांना शिकवणारे नारणभाई सिजू पेशाने गालिचे विणणारे. लखपतच्या बायका पुरुषांची मक्तेदारी मोडून गात असतात. गायक जियंतखान शिष्यांना घेऊन वाईला बसतात.

आणि याच माहितीपटात नूर मोहम्मद सोढा जोडिया पावा शिकवतात. हे वाद्य म्हणजे एकदम तोंडात धरायचे दोन पावे: एक सूर धरून राहतो, दुसऱ्यावर बोटं फिरतात. श्वास तुटू द्यायचा नाही, गालात हवा साठवून नाकाने नवी घ्यायची. हे अंगवळणी पडेपर्यंत शिष्याला केवळ फुंकण्याचाच रियाज करत राहावं लागतं.