आकाशाची वही

काही वर्षांपूर्वी सातवीच्या एका मुलाने आपल्या निरीक्षणवहीत लिहिले होते, ‘सकाळी आठ वाजता पश्चिमेकडे चंद्र पाहिला.’ मी त्यावर तांबड्या शाईने फुली मारली. दुसऱ्या दिवशी त्याने मला मैदानावर नेऊन आंब्याच्या शेंड्याकडे बोट दाखविले. चंद्र तेथे होता! कृष्ण पंचमीचा चंद्र रात्री दहाच्या सुमारास उगवतो, म्हणजे सकाळी दहापर्यंत तो आकाशात असणारच. हे गणित मी वर्गात शिकवीत असे; वर मान करून पाहिले मात्र कधी नव्हते.

तेव्हापासून चंद्राचा धडा मी पुस्तकातून आरंभीत नाही. पाऊस सरला, दसरा झाला, की पुढच्या शुक्ल द्वितीयेस काम सुरू होते. मुलाने रोज सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने एकाच जागी उभे राहावे, समोरची झाडे-घरे रेखाटावीत आणि त्यांवर चंद्राची जागा व आकार मांडावा. हात लांब करून धरलेली मूठ आकाशाचे सुमारे 10 अंश झाकते, हेच आमचे मोजमाप. चंद्र रोज मुठीहून थोडा अधिक पूर्वेकडे सरकतो, हे मुलांना आठवड्यात आपोआप उमगते. ताऱ्यांच्या मानाने ही चाल रोज सुमारे 13 अंशांची. 360 अंशांस 27 ने भागून पाहा. पंचांगातील नक्षत्रे म्हणजे चंद्राचे रोजचे मुक्काम, हे सांगावेच लागत नाही. चंद्र रोज दोन घटका उशिरा उगवतो, असे घरची वडील मंडळी म्हणत. घटका 24 मिनिटांची. सरासरी विलंब सुमारे 50 मिनिटांचा. हिशेब फारसा चुकलेला नाही!

ढग आले तर वहीत ‘ढग’ एवढेच लिहावे. शेजाऱ्याची आकृती उतरवून घेण्याचा मोह मुलांना होतोच, आणि तो मोडण्यास गुरू ग्रहासारखा गुरू नाही. तो रात्री वर असेल तेव्हा द्विनेत्री दुर्बीण कठड्यावर घट्ट टेकवून पाहावे. त्याच्या दोन्ही अंगांस, जवळजवळ एका रेषेत, चारपर्यंत बारीक ठिपके दिसतात. गॅलिलिओने 1610 च्या जानेवारीत पाहिलेले उपग्रह ते हेच. आयो पावणेदोन दिवसांत फेरी पुरी करतो, कॅलिस्टोला जवळजवळ 17 दिवस लागतात; म्हणून कालची आकृती आज चालत नाही.

मात्र दुर्बीण शिक्षकाच्याच ताब्यात असावी, आणि सूर्य पुरता मावळल्यावाचून ती पेटीबाहेर काढू नये. तिच्यातून सूर्याकडे क्षणभर पाहिले तरी डोळा कायमचा जाऊ शकतो.