नकाशा भिंतीवर, कुलूप दाराला : कामाच्या जागी झोपणाऱ्यांनी रात्री बाहेर पडायचं कुठून?

छावणी (छत्रपती संभाजीनगर) : छावणीचा गुरुवारचा बाजार आपल्या तालुक्यांतल्या शेतकऱ्यांना नवीन नाही. बैलजोड्या बघायच्या, शेळ्यांचे भाव विचारायचे, घ्यायचं काही नसलं तरी एक चक्कर मारायची. याच छावणीत दाणा बाजार आहे. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मधून एक अरुंद जिना, अशी घरं तिथं जागोजागी दिसतात.

३ एप्रिल २०२४, बुधवार. पहाटे चारच्या सुमाराला दाणा बाजारातल्या एका इमारतीत खालच्या कपडे-शिलाईच्या दुकानाला आग लागली. रमजान चालू होता, ईद आठवड्यावर आलेली. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातले ७ जण गेले. त्यात २ लहान लेकरं होती. आगीच्या ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोहोचल्या नव्हत्या, धुरानं गुदमरून जीव गेले, असं तेव्हा प्राथमिक माहितीत सांगितलं गेलं. दुकानात चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक गाडीवरही संशय घेतला गेला होता.

त्याच्या तीनच महिने आधीची गोष्ट. ३१ डिसेंबर २०२३ च्या मध्यरात्री, दोन-सव्वादोन वाजता वाळूज एमआयडीसीत हातमोजे बनवणाऱ्या एका कंपनीत आग लागली. काम बंद होतं, कामगार आतच झोपलेले. काही जण निसटले, ६ जण आतच राहिले. पुढच्या वर्षी १८ मे २०२५ ला सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली, ८ जण गेले. मालकाचं कुटुंबही कारखान्यातच राहायचं, मेलेल्यांत तेही होते. दिल्लीत अनाज मंडीत ८ डिसेंबर २०१९ ला ४३ कामगार गेले, तेही पहाटे, तेही झोपेत, कामाच्याच जागी.

या चारही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. जागा कामाची होती आणि माणसं तिथं झोपलेली होती. आपल्याकडे सुरक्षेचे सगळे फलक, नकाशे, कवायती दिवसा काम करणाऱ्या जाग्या माणसाला धरून होतात. रात्रीचा नकाशा कोणी काढत नाही.

धूर आधी येतो

आगीनं माणूस जळून मरतो अशी आपली समजूत असते. बऱ्याच वेळा धूर त्याच्या आधी पोहोचतो. कपडा, फोम, रेग्झिन, प्लास्टिक जळलं की त्यातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. या वायूला वास नाही, रंग नाही. तो रक्तात शिरला की डोकं जड होतं, पायातलं बळ जातं. झोपेत नाकाला वास कळेल आणि आपण उठू, या भरवशावर राहू नये. झोपलेल्या माणसाला वासानं जाग येतेच असं नाही.

गरम धूर वर चढतो आणि वर चढायला त्याला जिन्यासारखी सोपी वाट दुसरी नाही. खाली दुकान पेटलं की जिना धुराड्याचं काम करतो. माणसांची उतरायची वाट आणि धुराची चढायची वाट एकच. म्हणून दुकानावरच्या घराला एकच जिना असेल आणि तो दुकानातूनच किंवा दुकानाला चिकटून जात असेल, तर त्या घराला रात्री बाहेर पडायची वाटच नाही असं समजा. गंगापूर, लासूर स्टेशन, कन्नड, वैजापूर, कुठल्याही बाजारपेठेत मान वर करून बघा, अशी घरं मोजता येणार नाहीत.

नकाशात काय असतं

मोठ्या कंपनीत, दवाखान्यात, लॉजमध्ये भिंतीवर एक चौकट लावलेली असते. वर हिरव्या अक्षरात ‘आपत्कालीन निर्गमन आराखडा’ किंवा इंग्रजीत तसलंच काही. खाली इमारतीचा उभा-आडवा नकाशा, हिरवे बाण, लाल खुणा. आपण त्याच्यासमोरून रोज जातो आणि कॅलेंडरवरच्या जाहिरातीइतकंही त्याच्याकडे बघत नाही.

त्यात पहिली बघायची खूण म्हणजे ‘तुम्ही इथे आहात’. ही प्रत्येक नकाशात वेगळी पाहिजे, कारण प्रत्येक नकाशा वेगळ्या भिंतीवर आहे. एकच नकाशा झेरॉक्स मारून दहा ठिकाणी डकवला असेल तर तो निव्वळ तपासणीसाठी लावलाय हे ओळखावं. दुसरं, नकाशा भिंतीच्या दिशेनं पाहिजे. समोर उभं राहिल्यावर कागदावरची डावी बाजू म्हणजे आपलीही डावी बाजू यायला हवी. उलटा लावलेला नकाशा धुरात माणसाला चुकीच्या दारावर नेतो. तिसरं, वाटा दोन दाखवलेल्या पाहिजेत आणि त्या दोन वेगळ्या बाजूंना. एकाच दाराला दोन बाण म्हणजे दोन वाटा नव्हेत. मग आग विझवायचे लाल सिलिंडर कुठं, विजेचा मेन स्विच कुठं, भोंग्याचं बटण कुठं, आणि बाहेर आल्यावर सगळ्यांनी जमायचं कुठं, या खुणा येतात.

जमायची जागा म्हणजे ‘असेंब्ली पॉइंट’. लोकांना वाटतं तो फोटोपुरता असतो. खरं काम तिथंच आहे, हजेरी. कोण बाहेर आलं, कोण आत राहिलं, हे तिथं मोजल्याशिवाय कळत नाही, आणि बंबावरच्या जवानांचा पहिला प्रश्न तोच असतो. आत किती जण आहेत? ठेकेदाराची पोरं कंपनीच्या हजेरीपटावर नसतात. रात्री आत झोपलेल्यांची तर कुठंच नोंद नसते. ती नोंद नसेल तर चौकटीतला नकाशा कितीही चांगला असो, आतल्या माणसाला शोधायला कोणी जाणार नाही.

माझा पुतण्या वाळूजला एका छोट्या युनिटमध्ये ठेकेदाराकडून लागलाय. तिघं-चौघं मिळून रांजणगाव शेणपुंजीत खोली करून राहतात, पण डबल ड्यूटी असली की कंपनीतच आडवं होतात. मागच्या हिवाळ्यात त्याला फोनवर विचारलं, तुमच्याकडे नकाशा लावलाय का रे? म्हणाला, “हाय ना काका, कूलरमागं.” फोटो पाठव म्हटलं. पाठवला. नकाशा चांगला होता, छापील, काचेच्या चौकटीत. मागच्या बाजूला दुसरं दार दाखवलेलं. त्या दाराचाही फोटो पाठव म्हटलं तर दाराला बाहेरून कुलूप, आतून पुठ्ठ्याच्या खोक्यांची थप्पी. किल्ली कोणाकडं? “सुपरवायझरकडं. ते आठ वाजता घरी जातात.”

कंपनीचं नाव इथं देत नाही. पोराची नोकरी आहे, आणि अशी कंपनी ती एकटीच नाही.

कुलूप का लावता, असं कुठंही विचारा, उत्तर ठरलेलं असतं. माल चोरीला जातो. हे उत्तर शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे. २५ मार्च १९११ ला न्यूयॉर्कमध्ये ट्रँगल शर्टवेस्ट नावाच्या कपडे शिवायच्या कारखान्यात आग लागली, १४६ कामगार मेले. बहुतेक तरुण पोरी होत्या. जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं, कामगार कापड चोरतील म्हणून. त्यानंतर तिकडचे कायदे बदलले. दार आतून, किल्लीशिवाय, एका धक्क्यानं उघडलं पाहिजे ही गोष्ट तेव्हापासून जगभर मान्य आहे. बाहेरून कोणी येऊ नये याची सोय करा, पण आतल्याला किल्ली शोधायची वेळ येऊ नये. तशी कडी हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

शटरचं आणखी वेगळं आहे. बाहेरून कुलूप लावलेलं शटर आतून उघडत नाही. मोटारीचं असेल तर लाइट गेल्यावर अडून बसतं, आणि आगीत लाइट जाणारच. हातानं फिरवायची सोय असते, पण ती माहीत कोणाला असते? मोठ्या उष्णतेनं पत्रा वाकला की मग हातानंही हलत नाही. आत माणूस झोपत असेल तर शटरमध्ये किंवा शेजारी आतून उघडणारं छोटं दार पाहिजेच.

कायदा कोणाला धरतो

कारखान्यांसाठी २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यातलं ३८ वं कलम आगीचं होतं. बाहेर पडायच्या सुरक्षित वाटा ठेवा एवढ्यावर ते थांबत नव्हतं. त्या वाटा कामगारांना माहीत असल्या पाहिजेत आणि तसा सराव झाला पाहिजे, असंही त्यात होतं. म्हणजे चौकट टांगून मालकाची सुटका होत नव्हती. कारखान्यांची ही तपासणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करतं, लोक अजून फॅक्टरी इन्स्पेक्टरच म्हणतात.

दुसरा कायदा ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’. तो राज्यात डिसेंबर २००८ पासून लागू आहे. ज्या इमारतींना तो लागू होतो तिथं जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची. बसवलेली यंत्रणा चालू आहे असा दाखला परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घेऊन द्यायचा असतो. यालाच ‘बी फॉर्म’ म्हणतात. आपल्या गावचं मंगल कार्यालय, खासगी दवाखाना, कोचिंग क्लास यांना सहज विचारून बघा, चालू सहामाहीचा बी फॉर्म आहे का. विचारणाऱ्याकडे कसं बघतात तेवढ्यावरून बरंच कळतं.

कोणाकडे जायचं हा मोठाच गोंधळ आहे. शहरात महानगरपालिकेचा अग्निशमन विभाग, एमआयडीसीत एमआयडीसीचा स्वतःचा, छावणीत बांधकामाची परवानगी छावणी परिषदेकडे, तालुक्याला नगरपरिषद. आणि दोन शिलाई मशीनचं दुकान वर बिऱ्हाडासकट असेल, तर तपासणीला त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. सगळ्यात जास्त धोका जिथं, तिथंच कागद सगळ्यात कमी.

१४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन असतो, १९४४ ला मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटाच्या आठवणीत. आपल्याकडे त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती, सगळं गाव मिरवणुकीत. त्यामुळं या सप्ताहाचं बॅनर कुठल्या कोपऱ्यात लागतं कळतही नाही. पण तो आठवडाभर, २० तारखेपर्यंत असतो. जवान प्रात्यक्षिकाला येतात. शाळेनं, बाजार समितीनं, जिनिंगवाल्यांनी तेव्हा लेखी मागणी करून बघावी.

घरातला नकाशा

दुकानावर राहणाऱ्यांनी आणि आपण शेतकऱ्यांनीही हा नकाशा वहीच्या कागदावर काढायला हरकत नाही. आपल्याकडे दिवाळीनंतर भाव वाढायची वाट बघत कापूस कुठं असतो? घरातच. पुढची खोली छतापर्यंत भरलेली, जायला हातभर वाट, वरून लोंबणारी वायर, आणि आता त्याच खोलीत पोराची इलेक्ट्रिक स्कूटी चार्जिंगला. मी हे दुसऱ्याचं सांगत नाही, गेल्या वर्षी माझ्याच घरी होतं. नकाशा काढायला बसलो तेव्हा लक्षात आलं की आई ज्या खोलीत झोपते तिथून बाहेर यायला कापसाच्या खोलीतूनच यावं लागतं. खिडकी आहे, तिला लोखंडी जाळी.

मग तीन कामं केली. स्कूटी बाहेर पडवीत, बाहेर जायच्या वाटेपासून लांब, चार्जर कंपनीचाच आणि रात्री झोपताना बंद. लिथियमची बॅटरी एकदा पेटली की घागरभर पाण्यानं विझत नाही, विझल्यासारखी वाटून परत पेटते. कापूस मागच्या खोलीत. आणि जाळीचा एक भाग वेल्डरकडून बिजागरीवर करून घेतला, कडी आतून, कुलूप नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी अशी खिडकी शेजारच्या गच्चीकडे निघते का ते आधी बघावं. गच्चीच्या दाराला कुलूप असेल तर किल्ली दाराशेजारीच खिळ्याला, लेकरांनाही माहीत असलेली.

जिन्यात धूर भरलेला असेल तर त्यात घुसू नये, वर पळायलाही नाही. खोलीचं दार लावून घ्या, फटीत ओलं फडकं कोंबा, खिडकीशी या, ओरडा, टॉर्च दाखवा. धुरातून जावंच लागलं तर रांगत, कारण श्वास घेण्यासारखी हवा जमिनीजवळ उरते. बाहेर आलेला माणूस मोबाईल, पैसे, कागदपत्रं घ्यायला परत आत जाऊ नये. फोन १०१ किंवा ११२ ला, भाजलेल्यासाठी १०८ ला. पत्ता सांगताना जवळची मोठी खूण सांगा आणि एक माणूस रस्त्यावर उभा करा, गल्लीत बंब चुकतो.

लाल सिलिंडर असेल तर त्यावरचा काटा हिरव्यात आहे का बघा. पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची. ते सिलिंडर छोट्या आगीसाठी असतं, खोली पेटल्यावर त्याच्या नादी लागू नये.

पुतण्याचं सांगायचं राहिलं. त्यानं तो फोटो सुपरवायझरला दाखवला. खोकी हलली, पंधरा दिवसांत परत आली. कुलूप मात्र आता आतल्या बाजूला आहे आणि किल्ली रात्रपाळीच्या वॉचमनकडं असते. वॉचमन गेटवर बसतो, इमारतीच्या दुसऱ्या टोकाला.

“दाराजवळच खिळ्याला लावायला सांग,” म्हटलं. तो म्हणाला, “सांगितलंय काका. बघू म्हणलेत.”