ओकारी फक्त सकाळचीच नसते

एरवी या पानावर आम्ही मासळीचा भाव नाहीतर बर्फाची गाडी, एवढंच टाकतो. आज घरातली गोष्ट.

१६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद, म्हणून नेमावरकडचे एक सभासद घरीच होते. तेव्हा त्यांना कळलं की सूनबाईच्या पोटात पाण्याचा घोटसुद्धा ठरत नाही आणि दिवसभरात लघवी एकदाच, तीही गडद. घरच्या बायका म्हणाल्या, "तिसरा महिना आहे, चालायचंच. आम्ही ओकत ओकत मासळी साफ केली." दोष कुणाला देणार? आपल्या सगळ्याच घरांत असं बोलतात. शेवटी तिला खातेगावला नेऊन दोन दिवस सलाईन लावावं लागलं. आता बरी आहे.

मळमळ बहुतेक गरोदर बायांना होते. साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होते, चौथ्या महिन्यापर्यंत बऱ्याच जणींची उतरते. नाव 'मॉर्निंग सिकनेस' असलं तरी ती दिवसभर राहू शकते. "मुलगी आहे म्हणून जास्त ओकते" असं म्हणून पोरीला बोल लावू नका. २०२३ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं की बाळ आणि वार यांच्याकडून येणारं जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक यामागचं मोठं कारण आहे. गरोदरपणाआधी जिच्या अंगात ते कमी असतं, तिला त्याची सवय नसते, म्हणून त्रास जास्त. म्हणजे हे नखरे नाहीत.

आपल्या घरात वासाचा त्रास वेगळाच. ओली जाळी, डिझेल, मासळीची टोपली. या दोन-तीन महिन्यांत मासळी साफ करायचं काम दुसऱ्या कुणी घ्यावं, पुरुषांनी घेतलं तरी हात झिजत नाहीत! उठण्याआधी तिला थोडे परमल किंवा कोरडी भाकरी द्या, मग दिवसभर थोडं थोडं. आल्याने काहींना आराम पडतो. डॉक्टर यावर गोळीही देतात, पण दुकानातून मनाने आणू नका.

पाणीही ठरत नसेल, लघवी कमी किंवा गडद होत असेल, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, वजन उतरत असेल किंवा उलटीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना. रात्र असली तर १०८ ला फोन करा. बाकी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी फुकट असते, आशाताईंना विचारा. बंदीच्या दिवसांत होडी काठालाच असते, तेव्हा सोबत नवऱ्यानेही जावं.

— सचिव