राखणीच्या कुत्र्यावर मधमाश्या उठल्या तर

कांद्याचे डोंगळे फुलावर आले की आम्ही कृषी खात्याची माणसे बांधावर येऊन ठरलेले बोलतो. फुलोऱ्यात फवारणी आवरा, मधमाश्या जपा, जमले तर प्लॉटमध्ये पेट्या ठेवा. मी स्वतः दरवर्षी सांगतो आणि त्यात काही चूक नाही; कांद्याचे बी धरायचे तर माशी लागतेच. पण पेटीपासून राखणीचा कुत्रा किती लांब बांधावा, हे मात्र मी कधी कोणाला सांगितले नव्हते.

आमच्याकडच्या एका शेतकऱ्याने माझ्याच सांगण्यावरून बियाण्याच्या प्लॉटमध्ये मेलीफेरा माश्यांच्या पेट्या आणून ठेवल्या. रानडुकरांचा त्रास, म्हणून बांधावरच्या बाभळीला कुत्रा साखळीने बांधलेला. एका दुपारी साखळीचा वेढा पेटीच्या लोखंडी स्टँडला बसला, कुत्र्याने हिसका दिला आणि पेटी आडवी झाली. माश्या उठल्या. आता कुत्रा पळणार कुठे? घरची माणसे धावली ती उघड्या अंगाने. चार-सहा डंख बसताच मागे फिरली. घोंगडी शोधून, अंगावर घेऊन साखळी सोडेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे गेली. मग कोणी चुना लावला, कोणी घरात उरलेले रॉकेल चोळले. संध्याकाळी कुत्रा उठून बसला, थोडी भाकरी खाल्ली. वाचला, असेच सगळ्यांना वाटले. दुसऱ्या दिवशी त्याची लघवी कोऱ्या चहासारखी काळपट लाल झाली, तिसऱ्या दिवशी त्याने मान टाकली. दवाखान्यात नेले तेव्हा वेळ गेलेली होती.

मी पशुवैद्य नाही. पण या प्रकारानंतर पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे बसून सगळे नीट विचारून घेतले. ते तुमच्यापुढे मांडतो.

एक डंख आणि शंभर डंख यांत मोठा फरक आहे. कुत्र्याने उडती माशी तोंडात धरली, किंवा फुलावरच्या माशीवर पाय पडला, तर नाक, ओठ नाहीतर पंजा सुजतो. कुत्रा केकाटतो, पंजाने तोंड घासतो, जागा चाटत बसतो. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत सूज उतरते. त्यासाठी धावाधाव नको, पण लक्ष हवे. थवाच अंगावर आला तर मात्र विषाचे प्रमाणच जनावराला झेपत नाही. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे २० डंख जीवघेणे मानले जातात. म्हणजे १५ किलोच्या गावठी कुत्र्याला तीनशेच्या आसपास. आकडा मोठा वाटतो, पण भरलेल्या पेटीत माश्या हजारोंनी असतात, आग्या मोहोळावरही तशाच. आणि बांधलेला कुत्रा जागचा हलू शकत नाही. शिवाय जनावराला त्या विषाची ॲलर्जी असेल तर एकच डंखही पुरतो, तेथे हा हिशेब लागू पडत नाही.

म्हणून पहिले काम कुत्रा तेथून हलवण्याचे, पण आधी स्वतःला झाकून. घोंगडी, जाड चादर, गोणपाट, जे हाताशी असेल ते डोक्यावरून घ्या, तोंड झाका, मगच पुढे व्हा. हात झाडत, ओरडत गेलात तर माश्या तुमच्यावर येतात. डंख मारलेल्या जागी माशी एक वास सोडते, पिकलेल्या केळ्यासारखा. त्या वासावर बाकीच्या माश्या तेथेच येऊन डसतात. त्यामुळे उघड्यावर उभे राहून कुत्र्याचे अंग झाडत बसू नका. साखळी सोडा, मोकळा झाला की तो आपणहून पळेल. पळत नसेल तर गोणपाटात गुंडाळून घरात, गोठ्यात नाहीतर गाडीत न्या आणि दार लावा. विहिरीत किंवा शेततळ्यात ढकलण्याचा विचार कोणी करू नये. माश्या पाण्यावर घिरट्या घालत थांबतात, आणि प्लास्टिकच्या शेततळ्यातून कुत्रा काय, माणूसही सहज वर येत नाही.

आडोशाला आल्यावर लगेच डंख काढा. मधमाशीच्या नांगीला मागे वळलेले काटे असतात, त्यामुळे ती कातडीत रुतून तुटते आणि विषाची पिशवी तिच्याबरोबर मागे राहते. माशी मरते, पण ती पिशवी आणखी काही सेकंद विष आत ढकलत राहते. चिमट्याने धरू नये, पिशवी दाबली जाते, असे पूर्वी शिकवत. पुढे तपासून पाहिले तेव्हा ध्यानात आले की काढण्याच्या पद्धतीपेक्षा वेळेला महत्त्व आहे. नखाने खरवडा, सुरीच्या बोथट पाठीने खरवडा, एटीएमच्या कार्डाने खरवडा, काही नसेल तर चिमटीने ओढा. चिमटा शोधत घरभर फिरण्यात जी दोन मिनिटे जातात तेवढ्यात विष आत गेलेले असते. केसांत काळा ठिपका आणि त्याला पांढुरकी पिशवी दिसली की तो डंख. बघायच्या जागा म्हणजे नाक, ओठ, डोळ्यांभोवती, कानांची आतली बाजू, पोटाखाली आणि जांघेत. डंख पुष्कळ असतील तर बारीक दातांची फणी अंगावरून फिरवा. अडकलेल्या जिवंत माश्याही तिने निघतात. वेळ झाला म्हणून सोडून देऊ नका, उरलेले डंख नंतरही काढायचेच आहेत.

गांधीलमाशीचे तसे नाही. तिची नांगी गुळगुळीत, ती पुन्हा पुन्हा डसते आणि मागे काही ठेवत नाही. गांधील चावल्याची खात्री असेल तर कातडी उकरत बसू नका.

दुखणारे जनावर धन्यालाही चावते, त्याचा राग मानू नये. तोंडाला फडक्याची पट्टी बांधली तर काम सोपे होते. पण तोंड सुजलेले असेल, कुत्रा धापा टाकत असेल किंवा ओकत असेल तर पट्टी अजिबात बांधू नका, गुदमरेल. चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजच्या लसीचे विचारा. घरचाच कुत्रा आहे म्हणून हे टाळू नका.

गळ्यातला पट्टा लगेच काढा. ही गोष्ट हमखास विसरली जाते. मान सुजली की तोच पट्टा फास होतो.

यानंतर गार पाण्यात भिजवलेले फडके सुजेवर ठेवा. बर्फ मिळाला तर फडक्यात बांधून पाच-दहा मिनिटे ठेवा, थोडे थांबा, पुन्हा ठेवा. तोंडाच्या आत डंख असेल तर गार पाणी समोर ठेवा. तो आपणहून पिईल तेवढेच पिऊ द्या. घरचा उपचार एवढाच.

आता आपल्या नेहमीच्या उपायांविषयी. चुना लावणे, लोखंड घासणे, कांदा चोळणे, तंबाखू लावणे, रॉकेल ओतणे हे सगळे गावोगाव चालते. माणसाच्या हाताला चुना लावला तर फार तर कातडी भाजते. कुत्रा तो चुना चाटणार, आणि त्याची जीभ, घसा आतून भाजणार. तंबाखू आणि रॉकेल पोटात गेले तर मधमाशीच्या विषावर आणखी एक विष. विष आम्ल असते म्हणून त्याला चुन्याने मारायचे, असा हिशेब लोक मांडतात. पण विष कातडीखाली गेलेले असते आणि चुना वर राहतो. खायच्या सोड्याचा लेप फारसा अपाय करत नाही, उपायही फारसा करत नाही.

त्याहून वाईट म्हणजे घरातल्या गोळ्या. अंग दुखते म्हणून आपण घेतो त्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकच्या गोळ्या कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला घातक आहेत. पॅरासिटामॉलही मनाने देऊ नये. ॲलर्जीची गोळी कुत्र्याला चालते, असे कोणी सांगेल. काही चालतात, हे खरे. पण मात्रा वजनावर ठरते, आणि सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत ॲलर्जीच्या औषधाबरोबर पॅरासिटामॉल मिसळलेले असते. तेव्हा डॉक्टरांना फोन करा, पाकिटावरचे नाव वाचून दाखवा, ते सांगतील तेवढेच द्या. आणि अर्धवट शुद्धीतल्या जनावराच्या तोंडात दूध-हळद, तूप, गुळाचे पाणी काहीही ओतू नका. ते फुप्फुसात जाते.

पहिला अर्धा-पाऊण तास कुत्र्याजवळ बसून राहा. ॲलर्जीचा झटका बहुधा याच वेळात येतो. कुत्र्यात तो पोटावर आधी दिसतो: एकाएकी ओकारी, पातळ हगवण, कधी रक्ताची, मग पाय लटपटणे आणि आडवे पडणे. तोंड भराभर सुजणे, श्वासाला घरघर लागणे, अंगावर गांधी उठणे हीसुद्धा लक्षणे. ओठ वर करून हिरडी पाहा. ती गुलाबी असावी. बोटाने दाबून सोडली की पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत परत गुलाबी झाली पाहिजे. काही कुत्र्यांची हिरडी मुळात काळी असते, तेथे डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघावा. पांढरट किंवा निळसर दिसला तर घरी एक मिनिटही थांबू नका. कुशीवर निजवा, मान पुढे सरळ ठेवा, अंगावर गोणपाट टाका आणि निघा. मोटारसायकलवर दोघांनी जावे, मागच्याने कुत्रा घोंगडीत धरावा, तोंड मोकळे ठेवावे. अशा वेळी डॉक्टर ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन देतात, सलाइन लावतात. ते घरी होण्यासारखे काम नाही. मधमाशीच्या विषावर सापाच्या लसीसारखा उतारा आपल्या दवाखान्यांत मिळत नाही, त्यामुळे वेळेवर मिळालेले हे उपचारच उपयोगी पडतात. निघण्याआधी दवाखान्यात फोन करा, डॉक्टर फिरतीवर असतात. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

दहा-वीसच्या वर डंख असतील, किंवा तोंडाच्या आत, घशाशी एक जरी असेल, तर कुत्रा वरून ठीक दिसला तरी डॉक्टरांना दाखवा. आमच्या शेतकऱ्याचे चुकले ते येथे. पुष्कळ विष गेले की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, स्नायू झिजतात आणि तो सगळा मळ मूत्रपिंडात जाऊन बसतो. याला एक-दोन दिवस लागतात. मधल्या काळात कुत्रा उठतो, भाकरी खातो, शेपटी हलवतो. म्हणून पुढचे तीन दिवस त्याची लघवी रोज बघायची. लाल, काळपट दिसली, कमी झाली किंवा बंद झाली, तर लगेच दवाखाना. सुरुवातीलाच सलाइन मिळाले तर मूत्रपिंड वाचण्याची आशा असते. पाणी मात्र सतत समोर ठेवा.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. सकाळी उठून पाहावे तर कुत्र्याचे तोंड सुजलेले, माशी कोणी पाहिलेली नाही, डंखही सापडत नाही, असे असेल तर मधमाशीच चावली असे धरून चालू नका. घोणस आणि फुरसे यांचा दंश कुत्र्याला बहुतेक तोंडावर किंवा पुढच्या पायावरच होतो. सूज वाढतच जात असेल, जागा काळी-निळी पडत असेल, रक्त झिरपत असेल तर साप समजून तडक दवाखाना गाठा. कापू नका, आवळून बांधू नका.

आता बांधण्याविषयी. पेट्या ठेवल्या असतील तर साखळी पुरी ताणली तरी कुत्रा पेटीच्या आसपास पोचणार नाही अशी जागा निवडा, आणि पेट्यांच्या दारासमोरची, माश्यांच्या येण्या-जाण्याची बाजू टाळा. पेट्या उघडून तपासायच्या दिवशी कुत्रा घरी ठेवा. उंबर, वड, पाण्याची टाकी, कडा येथे आग्या मोहोळ लागले असेल तर त्याखाली कुत्राच काय, बैलजोडीही बांधू नका. मोहोळ घार पोळ्यावर झडप घालते, पोरे दगड मारतात, कोणी खाली पाचट पेटवतो. माश्या का उठल्या हे तुम्हाला कळायच्या आत त्या खाली आलेल्या असतात. बैलाचेही असेच, दाव्याला बांधलेले जनावर जागेवरच डंख खात राहते.

ग्रामपंचायतीच्या मंडळींना एक विनंती. शाळेच्या इमारतीला किंवा टाकीला मोहोळ लागले की लगेच टेंभा घेऊन जाळायचा ठराव होतो. तसे करू नका. आग्या माशी आपल्या पिकांचे परागीभवन फुकट करते, आणि जाळताना उठलेला थवा दिसेल त्याला डसतो. मोहोळ हलवणारे जाणते लोक असतात, त्यांना बोलवा. काम ठरले की गावात आदल्या दिवशी दवंडी द्या किंवा व्हॉट्सॲपवर टाका, की त्या बाजूची जनावरे सोडून दुसरीकडे न्यावीत.

आणि साखळीचे काय? शेतात राखणीला कुत्रा बांधावाच लागतो, हे मला मान्य आहे. पण साखळीला खुंट्याकडून एक हात सुती दोरी जोडा आणि ती एक टोक ओढले की सुटेल अशा गाठीने खुंट्याला बांधा. पट्ट्याजवळचा कडीचा हूक गंजून बसतो आणि घाईत उघडत नाही; शिवाय तो उघडायचा तर चवताळलेल्या कुत्र्याच्या तोंडाशी हात न्यावा लागतो. दोरी लांबून ओढता येते, आणि वेळ पडली तर विळ्याने कापता येते. त्या शेतकऱ्याने यंदा नवीन पिल्लू आणले आहे. पेट्याही पुन्हा ठेवल्या आहेत, प्लॉटच्या पलीकडच्या अंगाला. परवा गेलो तेव्हा पिल्लाची दोरी पडवीच्या खांबाला अशाच गाठीने बांधलेली होती, आणि शेजारी खुंटीला एक जुनी घोंगडी टांगलेली होती.